बेगमपेठेच्या काचा आणि ग्रहांचे जन्मस्थान

१९०७ साली हैदराबादेत केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकवर्धिनी ही पाठशाळा सुरू केली. पुढे जामबागेत स्थिरावलेल्या या संस्थेची कथा येथील मराठी घरांत आजोबांकडून नातवंडांकडे सांगितली जाते. तिची पुनरावृत्ती येथे करावयाची नाही. तिच्याच पाठोपाठ, १९०८ साली, याच शहरात दुसरे एक कार्य सरकारी आश्रयाखाली आले. त्याची आठवण मात्र आपल्या घरांत फारशी निघत नाही. ते कार्य म्हणजे निजामिया वेधशाळा. जामबागेपासून बेगमपेठ काही फार दूर नाही. परंतु ‘तिथे नेमके काय झाले?’ असे विचारले तर ‘दुर्बीण होती, तारे पाहत’ यापलीकडे उत्तर सहसा येत नाही. तिथे जे झाले त्याचा संबंध आजच्या खगोलविज्ञानातील एका मूलभूत प्रश्नाशी, म्हणजे ग्रह कसे जन्मतात या प्रश्नाशी, कसा पोहोचतो हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेधशाळेचा आरंभ एका सरदाराच्या छंदातून झाला. नवाब जफर जंग यांनी इंग्लंडमधून ग्रब कंपनीची पंधरा इंची दुर्बीण आणली आणि १९०१ साली फिसलबंडा येथील आपल्या जागेत वेधशाळा उभारली. त्यांच्या निधनानंतर निजाम सरकारने ती ताब्यात घेतली व आर्थर चॅटवुड यांना पहिले संचालक नेमले. शहरापासून दूर, बेगमपेठेच्या मोकळ्या माळावर नवी इमारत झाली. १९१४ पासून आर. जे. पोकॉक आणि १९१८ पासून टी. पी. भास्करन् यांनी कारभार पाहिला. १९१९ मध्ये वेधशाळा नव्याने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडे आली. भास्करन् यांची कारकीर्द सव्वीस वर्षांची, १९४४ पर्यंतची. या वेधशाळेचे जे जागतिक काम म्हणून ओळखले जाते त्याचा मोठा भाग याच काळात झाला.

ते काम असे. १८८७ साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत साऱ्या आकाशाचे छायाचित्रण करून ताऱ्यांची सूची करावी असे ठरले. आकाशाचे आडवे पट्टे पाडून निरनिराळ्या वेधशाळांना वाटून देण्यात आले. दक्षिण अमेरिकेतील सांतियागो वेधशाळेकडे दिलेला उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीचा पट्टा अपुरा राहिला, तो हैदराबादकडे आला. पुढे जर्मनीतील पोट्सडामकडून राहून गेलेला उत्तरेकडील अधिक ३६ ते अधिक ३९ अंशांचा पट्टाही हैदराबादनेच उचलला. यासाठी कुक बनावटीची आठ इंची छायाचित्रण-दुर्बीण होती. दोन अंश लांब, दोन अंश रुंद एवढे आकाश एका काचेच्या प्लेटवर घ्यायचे. प्लेटवर बारीक चौकटींची जाळी उमटवायची. आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ताऱ्याचा ठिपका दोन दिशांनी मोजायचा. प्रत्येक ताऱ्यामागे दोन आकडे आणि तेजाचा अंदाज. असे वर्षानुवर्षे. १९१४ ते १९३८ या काळात साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद या शहरात झाली आणि ती बारा खंडांत छापली गेली.

या कामात रोमहर्षक असे काहीही नव्हते. त्यात नवा ग्रह सापडणार नव्हता, सिद्धांत मांडला जाणार नव्हता. मोजणाऱ्यांना एवढेच सांगितले होते की, पुढच्या पिढ्या याच ताऱ्यांची छायाचित्रे पुन्हा घेतील आणि तेव्हा हे आकडे उपयोगी पडतील. आपल्या श्रमाचे फळ आपण पाहणार नाही हे त्यात गृहीतच होते.

आता याच वर्षांत युरोप-अमेरिकेत ग्रहांच्या जन्माविषयी काय विचार चालला होता तो पाहू. कान्टने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये, परस्परांपासून स्वतंत्रपणे, असे सुचविले होते की सूर्य आणि ग्रह एकाच फिरत्या तेजोमेघातून निर्माण झाले. सर्व ग्रह जवळजवळ एकाच प्रतलात, एकाच दिशेने फिरतात याचा उलगडा त्यातून सहज होत होता. एकोणिसावे शतक या कल्पनेवर चालले. परंतु हिशेब मांडता एक अडचण पुढे आली. सूर्यमालेचे ९९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यात आहे, पण फिरण्याचा जो साठा असतो, ज्याला कोनीय संवेग म्हणतात, त्याचा दोन टक्केसुद्धा वाटा सूर्याकडे नाही. बाकी सारा गुरू-शनीसारख्या ग्रहांच्या कक्षांत आहे. मेघ आकसत गेला असता तर मध्यभागीचा सूर्य काही तासांत एक फेरी घेण्याइतका वेगवान व्हायला हवा होता. प्रत्यक्षात त्याला पंचवीस दिवस लागतात. वंशात सर्वांत धनवान असायला हवा तो नेमका निष्कांचन निघाला.

या आक्षेपापुढे लाप्लासचा सिद्धांत मागे पडला. शिकागोच्या चेंबरलिन आणि मोल्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, व नंतर इंग्लंडच्या जेम्स जीन्स यांनी असे मांडले की दुसरा एखादा तारा सूर्याजवळून गेला, त्याने सूर्यातून द्रव्य ओढून काढले आणि त्याचे ग्रह झाले. तारे एकमेकांपासून इतके दूर असतात की अशी गाठ पडणे अत्यंत विरळ. म्हणजे ग्रहमाला हा विश्वातील जवळजवळ एकमेव अपघात ठरला. बेगमपेठेत काचेवर हजारो तारे उमटत असताना, त्या ताऱ्यांभोवती ग्रह असतील का, या प्रश्नाचे त्या काळचे मान्य उत्तर ‘बहुधा नाही’ असे होते.

ते उत्तर टिकले नाही. १९३९ मध्ये लायमन स्पिट्झर यांनी गणिताने दाखविले की सूर्यातून ओढलेला तप्त वायू गोठून ग्रह होणार नाही, तो अवकाशात विरून जाईल. महायुद्धाच्या धामधुमीत जर्मनीत फॉन वाइत्सॅकर यांनी फिरत्या तबकडीची कल्पना नव्या स्वरूपात मांडली. १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी वृषभ राशीतील काळ्या मेघांजवळच्या काही चंचल ताऱ्यांचा एक वर्ग वेगळा काढला. ते नुकते जन्मलेले तारे आहेत हे पुढे कळले. मॉस्कोत व्हिक्टर साफ्रोनोव्ह यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात धुळीपासून पृथ्वीपर्यंतचा प्रवास आकडेमोडीने लिहून काढला. तरीही सारे कागदावरच होते. १९८३ मध्ये अवरक्त किरणांचा वेध घेणाऱ्या ‘आयरास’ उपग्रहाला अभिजित ताऱ्याभोवती उबदार धूळ आढळली. १९८४ मध्ये बीटा पिक्टोरिस या ताऱ्याभोवतीची कडेने दिसणारी धुळीची तबकडी छायाचित्रात उतरली. १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने मृग नक्षत्रातील तेजोमेघात अशा तबकड्यांच्या काळ्या छाया दाखविल्या. आणि २०१४ मध्ये चिलीतील ‘आल्मा’ या रेडिओ दुर्बिणीसंचाने एचएल टाउरी या ताऱ्याचे जे चित्र दिले त्यात एकात एक अशी तेजस्वी वर्तुळे आणि त्यांमधील काळे पट्टे स्वच्छ दिसत होते. सव्वादोन शतकांपूर्वीच्या कल्पनेला डोळ्यांनी पाहण्याजोगा पुरावा मिळाला.

मग कोनीय संवेगाच्या त्या अडचणीचे काय झाले? येथे तबकडीचे भौतिकशास्त्र थोडे समजून घ्यावे लागते. अवकाशातील थंड मेघ स्वतःच्या वजनाने कोसळतो. त्याला मुळात असलेला मंद फिरकीचा वेग आकसताना वाढतो, जसा गिरकी घेणारी नर्तकी हात जवळ घेते तेव्हा वाढतो तसा. अक्षाच्या दिशेने द्रव्य सहज खाली बसते. आडव्या दिशेने फिरकी त्याला थोपविते. म्हणून गोळ्याची तबकडी होते. तबकडीतील आतला भाग लवकर फिरतो, बाहेरचा सावकाश. या दोन थरांत कसला तरी दुवा असेल तर आतला थर बाहेरच्याला पुढे खेचतो आणि स्वतः मंदावून आत घसरतो. अशा रीतीने द्रव्य आत ताऱ्याकडे जाते व फिरकी बाहेर जाते. सूर्य निर्धन आणि गुरू धनवान का, याचे उत्तर या देवघेवीत आहे. हा दुवा चुंबकीय क्षेत्राचा असू शकतो. फिरत्या विद्युत्वाहक द्रवात दुबळे चुंबकीय क्षेत्रसुद्धा अस्थिरता निर्माण करते हे रशियात वेलिखोव्ह यांनी १९५९ मध्ये आणि आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९६० मध्ये दाखविले होते. त्याचा तबकड्यांशी संबंध १९९१ मध्ये बॅल्बस आणि हॉली यांनी जोडला. म्हणजे हाही आकडा तीस वर्षे वापरणाऱ्याची वाट पाहत राहिला. तबकडीचा थंड मधला भाग मात्र विजेचा फारच दुबळा वाहक असतो. तेथे तबकडीच्या पृष्ठभागावरून उडणारे चुंबकीय वारे फिरकी घेऊन जात असावेत असा अलीकडचा विचार आहे. हा वाद मिटलेला नाही.

दुसरी अडचण धुळीची. तबकडीत वस्तुमानाने सुमारे शंभरातील नव्याण्णव भाग वायू आणि एक भाग धूळ. त्या एका भागातून पृथ्वीसारखे ग्रह घडायचे. धुळीचे कण प्रथम धुरातील कणांएवढे असतात. ते हळुवार आदळून एकमेकांना चिकटतात. पण खडे मोठे झाले की एक चमत्कारिक गोष्ट घडते. वायूला आतील दाबाचा थोडा आधार असल्याने तो ताऱ्याभोवती किंचित सावकाश फिरतो. खड्याला तो आधार नाही, तो पूर्ण वेगाने फिरतो. त्यामुळे खड्याला सतत समोरून वारा लागतो. त्याचा वेग हरपतो आणि तो आत घसरू लागतो. पृथ्वीच्या अंतरावर असलेला मीटरभर रुंदीचा दगड शे-दोनशे वर्षांत ताऱ्यात जाऊन पडेल असा हिशेब १९७७ मध्ये वायडेनशिलिंग यांनी केला. ग्रह व्हायला मात्र लाखो वर्षे हवीत. मग ग्रह झाले कसे? तबकडीत जेथे वायूचा दाब स्थानिक रीतीने वाढलेला असतो तेथे हा घसरणारा माल अडतो, नदीच्या वळणावर ओंडके अडावेत तसा. एचएल टाउरीच्या चित्रातील तेजस्वी वर्तुळे म्हणजे बहुधा असे अडलेले खडे. काही पट्टे आधीच जन्मलेल्या ग्रहांनी कोरलेले असतील. पीडीएस ७० या ताऱ्याच्या तबकडीतील रिकाम्या जागेत २०१८ साली असा एक ग्रह प्रत्यक्ष दिसला, आणि पुढच्या वर्षी दुसरा.

रसायनशास्त्राची कथा तापमानाची आहे. ताऱ्याजवळ उष्णता इतकी की केवळ धातू आणि खडकाची द्रव्ये घन राहतात. थोडे दूर गेले की पाण्याची वाफ गोठून बर्फ होते. शून्याखाली सुमारे शंभर अंशांच्या पलीकडची ही सीमा म्हणजे हिमरेषा. तिच्या पलीकडे घन मालाचा साठा एकदम वाढतो, आणि गुरूसारखे थोर ग्रह तेथे का जन्मले याचे एक कारण ते आहे. आणखी दूर कार्बन मोनॉक्साइडही गोठतो. टीडब्ल्यू हायड्री या ताऱ्याच्या तबकडीत ती रेषा २०१३ मध्ये आल्माने दाखविली. आत खडक, पुढे पाण्याचे बर्फ, त्यापुढे कार्बनचे बर्फ अशी ही उतरंड असते. कोणता ग्रह कोणत्या पायरीवर जन्मला त्यावर त्याच्या हवेत आणि खडकात काय असेल ते बऱ्याच अंशी ठरते.

हे सारे दूरच्या ताऱ्यांवरून सांगता येते तसे हातात धरूनही सांगता येते. आपल्या स्वतःच्या तबकडीचे अवशेष अजून पृथ्वीवर पडत असतात. १९२८ साली, भास्करन् बेगमपेठेत प्लेटा मोजून घेत होते त्याच काळात, तेव्हाच्या निजाम राज्यातील परभणी परिसरात एक अशनी पडला. शास्त्रीय सूचींत तो ‘नाओकी’ या नावाने नोंदलेला आहे. २२ मे २०१२ च्या दुपारी नागपूरजवळ काटोल येथे अशनींचा वर्षाव झाला. हे दोन्ही अशनी ‘कॉन्ड्राइट’ या वर्गातले. या वर्गाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांतील बारीक गोल मणी. तबकडीत तरंगणारे धुळीचे पुंजके एकदम वितळले आणि तासाभरात वा काही दिवसांत निवले की असे मणी होतात. परभणी व काटोल येथील दगड मात्र आपल्या मूळ पिंडात बराच काळ तापलेले असल्याने त्यांतील मण्यांच्या कडा पुसट झाल्या आहेत. काही अन्य अशनींत या मण्यांबरोबर कॅल्शियम व ॲल्युमिनियमचे पांढरे ठिपके आढळतात. ते सूर्यमालेतील सर्वांत जुने घन पदार्थ, वय ४५६ कोटी ७० लाख वर्षांच्या आसपास. सूर्यमालेच्या जन्माची तिथी आपण याच ठिपक्यांवरून सांगतो.

आणि आता वेळेचा प्रश्न. ग्रहांना घडण्यासाठी अवधी किती मिळतो? वायू उडून गेला की गुरूसारखा ग्रह होऊ शकत नाही. म्हणून तबकडीचे आयुष्य हीच ग्रहनिर्मितीची मुदत. एका ताऱ्याकडे पाहून ती कळत नाही. निरनिराळ्या वयांचे ताऱ्यांचे समूह घ्यावे लागतात आणि प्रत्येकात किती ताऱ्यांभोवती तबकडी शिल्लक आहे ते मोजावे लागते. दहा-वीस लाख वर्षांच्या समूहांत बहुसंख्य ताऱ्यांना तबकडी असते. तीस लाखांच्या सुमारास निम्म्यांची नाहीशी होते. एक कोटीच्या आसपास थोड्यांचीच उरते. पण हा हिशेब करण्यासाठी कोणता तारा कोणत्या समूहातला हे आधी ठाऊक पाहिजे. आकाशात शेजारी दिसणारे तारे प्रत्यक्षात शेजारी असतीलच असे नाही. सगोत्र तारे ओळखण्याची खूण एकच: ते सारे एकाच दिशेने, एकाच गतीने सरकत असतात. ही निजगती मोजायची तर आजची जागा आणि जुनी जागा दोन्ही हव्यात, आणि मधला काळ जितका मोठा तितकी खात्री अधिक.

अशा समूहांपैकी आपल्याला अत्यंत जवळचा एक, वृश्चिकेच्या डोक्याकडचा. उन्हाळ्याच्या रात्री हैदराबादेतून दक्षिणेकडे पाहिले तर अनुराधा नक्षत्राचे तारे दिसतात. त्यांतील वरचे दोन या समूहाचे ठळक सभासद आहेत. या ताऱ्यांच्या सामायिक गतीकडे १९१४ मध्ये डच शास्त्रज्ञ काप्टाइन यांनी लक्ष वेधले. त्याच वर्षी बेगमपेठेत उणे १७ ते उणे २३ अंशांच्या पट्ट्याचे छायाचित्रण सुरू झाले. अनुराधेचे हे दोन तारे त्याच पट्ट्यात येतात. समूहातील ठळक तारे काप्टाइन यांना ओळखता आले. पण त्याच कुळातील मंद, सूर्यासारखे तारे ओळखायला मोठी जुनी सूची हवी होती. या समूहाचे तारे वर्षाला विकलेच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतके सरकतात. पाऊण शतकात दोन विकला झाल्या. या प्रकल्पाच्या ठरलेल्या प्रमाणात काचेवर ते अंतर मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढे, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. मोजणाऱ्याच्या हाताचा कस या केसभर अंतरात होता.

जगभरातील या सूच्या पुढे अनेक दशके धूळ खात पडल्या. उपग्रहांचे युग आले तेव्हा त्या पुन्हा उघडल्या गेल्या. युरोपच्या हिप्पार्कोस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांच्या जागा मोजल्या. त्या जुन्या सूच्यांशी, हैदराबादच्या खंडांसह, ताडून पाहण्यात आल्या आणि २००० साली ‘टायको-२’ या नावाने पंचवीस लाख ताऱ्यांच्या निजगतींची सूची प्रसिद्ध झाली. बेगमपेठेत लिहिलेला आकडा त्या वजाबाकीतील पहिली रक्कम ठरला. २०१८ मध्ये आल्माने वीस तबकड्यांची बारकाईने चित्रे घेतली. त्यांपैकी एचडी १४३००६ हा तारा याच वृश्चिक समूहातला, हैदराबादच्या पट्ट्याच्या अगदी दक्षिण काठावरचा. त्याच्या तबकडीत वर्तुळे आहेत, आणि एका बाजूस अडलेल्या धुळीची तेजस्वी कमान आहे. ग्रह जेथे जन्मत नसावेत असे ज्या काळी मानले जात होते, त्याच काळी ज्या आकाशाच्या प्लेटा घेतल्या गेल्या, तेथेच ग्रहांची प्रसूतिगृहे निघाली.

या गोष्टीला अवाजवी रंग देऊ नये. तबकडीचा शोध हैदराबादेत लागला नाही. आजच्या अभ्यासकाला बेगमपेठेच्या खंडांची गरजही फारशी उरलेली नाही, कारण २०१४ ते २०२५ या काळात गाइया या उपग्रहाने अब्जाहून अधिक ताऱ्यांच्या गती त्याहून कितीतरी सूक्ष्मतेने मोजल्या. जुनी सूची आपले काम करून बाजूला झाली. पण मधल्या काळात, जेव्हा दुसरे काही नव्हते, तेव्हा ती होती. आणि ती होती कारण कोणीतरी फळाची हमी नसताना आकडा नीट लिहिला होता.

वेधशाळेची पुढची कथा थोडक्यात सांगता येईल. तेथे काम करणाऱ्या बाप्पू यांचा मुलगा वेणू बाप्पू याच परिसरात दुर्बिणीशी खेळत वाढला, निजाम कॉलेजात शिकला आणि पुढे भारतीय खगोलभौतिकीचा शिल्पकार झाला. १९६० च्या दशकात मराठी शास्त्रज्ञ डॉ. कृष्ण दामोदर अभ्यंकर यांच्या नेतृत्वाखाली उस्मानियाचा खगोल विभाग नावारूपास आला. शहराचा उजेड वाढल्याने जपाल-रंगापूर येथे ४८ इंची दुर्बीण १९६८ मध्ये उभी राहिली. जोडताऱ्यांचा आणि वातावरणात प्रकाश कसा विखुरतो याचा अभ्यास ही अभ्यंकरांची क्षेत्रे होती. निवृत्तीनंतर त्यांनी वेदकालीन कालगणनेवर लिहिले. २००७ साली ते निवर्तले. बेगमपेठेतील घुमटांखालून आकाश पाहणे केव्हाच थांबले आहे. त्या आवारात आता आर्थिक व सामाजिक अध्ययनाची संस्था आहे.

जुनी इमारत राखावी की नाही, हा प्रश्न शहरापुढे आहे आणि राहील. परंतु इमारतीपेक्षाही आठवण राखणे आपल्या हाती अधिक आहे. विवेकवर्धिनीचे संस्थापक पुढच्या पिढीसाठी शाळा काढत होते. बेगमपेठेचे मोजणीकार पुढच्या पिढीसाठी आकडे लिहीत होते. एकाच शहरातील, एकाच काळातील या दोन कामांची जात एकच होती. उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची चाल आता गेली. तरी एखाद्या मोकळ्या रात्री मुलांना दक्षिणेकडे अनुराधा दाखवावी आणि सांगावे की या ताऱ्यांच्या आसपास आजही नवे ग्रह घडत असावेत, आणि त्यांचे कूळ ओळखण्याच्या हिशेबातील एक जुना आकडा आपल्या गावात लिहिला गेला होता.